पांढरीची माती

मराठी मुलखांत गांवच्या जमिनीचे दोन भाग सांगण्याची जुनी रीत आहे. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीवर नांगर चालतो, पांढरीवर चूल पेटते. जुन्या कागदपत्रांतून, ग्रामदेवतेला घातलेल्या गाऱ्हाण्यांतून आणि वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यांतून ही जोडी अजून कानीं पडते. सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यांत मात्र तिला केवळ बोलण्यापुरताच अर्थ नाहीं. घर बांधणाराच्या दृष्टीनें ती मोठ्या उपयोगाची विद्या आहे. काळी माती पाणी प्याली कीं फुगते, आणि उन्हाळ्यांत आक्रसली म्हणजे तिला हातहात खोल भेगा पडतात. तिच्यावर उभारलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते. म्हणून जाणता माणूस घराचा पाया काळींत न ठेवतां मुरमापर्यंत नेतो, आणि भिंतीसाठीं व धाब्यासाठीं माती आणतो ती पांढरीची.

ही पांढरी माती येते कोठून? ती कोठल्याहि खाणींत सांपडत नाहीं. एकाच जागीं शतकानुशतकें माणसें राहिलीं. त्यांनीं घरें बांधलीं, तीं पडलीं, पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर पुन्हां नवीं उभीं राहिलीं. चुलींतली राख, शेण, भुसा, चुना, फुटक्या गाडग्यांचीं खापरें हें सारें त्यांत कालवलें गेलें आणि त्याचें टेकाड झालें. त्या टेकाडाची, नाहीं तर एखाद्या ढासळलेल्या गढीची माती खणून गाडीनें आणावयाची आणि तिच्या चिखलानें आपलें घर बांधावयाचें, हा या भागांतला जुना शिरस्ता. पुराणवस्तुसंशोधकांना तो मुळींच आवडत नाहीं, आणि त्यांची तक्रार खोटीहि नाहीं. कारण त्या मातींत इतिहासाचीं पानें दडलेलीं असतात. तेर, म्हणजे प्राचीन काळचें तगर, येथील मातींतून निघालेल्या मूर्ति, मणी व नाणीं कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं मोठ्या चिकाटीनें गोळा केलीं, म्हणूनच तीं आज तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. इतिहासाची ही बाजू मान्य करूनहि असें म्हणावें लागतें कीं, घरबांधणीच्या दृष्टीनें या शिरस्त्यांत मोठें शहाणपण होतें. जुनें घर पडलें म्हणजे तें टाकून द्यावयाचें नसून नव्या घराचें भांडवल म्हणून वापरावयाचें, ही गोष्ट सोलापूरकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागली नाहीं. दगड निवडून घ्यावयाचा, सागाचे वासे व चौकटी उतरून ठेवावयाच्या, माती पुन्हां भिजवावयाची. आज पाडलेल्या इमारतींचा राडारोडा कोठें टाकावा याची चिंता शहरोशहरींच्या पालिकांना पडली आहे, आणि त्यासाठीं २०१६ सालीं केंद्र सरकारला स्वतंत्र नियम करावे लागले. धाब्याच्या घराला हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं.

शहरांत वाढलेल्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं धाब्याचें घर आंतून पाहिलें नसेल, म्हणून त्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. लाकडी खांब ठराविक अंतरावर उभे करतात. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात, आणि घर केवढें आहे हें चौरस फुटांनीं न सांगतां खणांनीं सांगतात. खांबांवर तुळया, तुळयांवर वासे, वाशांवर लहान फळ्यांचा किंवा काड्यांचा दाट थर, त्यावर पाला, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड लेप. भोंवतालच्या भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट रुंद. बाहेर पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतां आंत भर दुपारीं माणसाला डोळा लागतो, असें हें घर. दरवर्षीं मृग लागण्यापूर्वीं धाब्यावर मातीचा नवा हात फिरवावयाचा, म्हणजे पावसाळ्याची काळजी नाहीं. सुतार व गवंडी सोडले तर बाकीचें काम घरचीं माणसें व शेजारीपाजारी करीत. घराचा मालक हाच त्याचा निम्मा कारागीर असे.

या घराचा गौरव करतांना त्याच्या पोटांतला दोष झांकून ठेवतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र संपत असतां, लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्यांतील बहुतेकांना मारलें तें त्यांच्याच घरांनीं. दरवर्षीं एकेक थर चढवीत गेल्यामुळें पुष्कळ धाब्यांवर दोन-दोन फूट माती सांचली होती. एका खोलीवरचें हें ओझें कित्येक टनांचें होई. आणि भिंतींची गोष्ट अशी कीं, त्या दिसावयास जरी एक असल्या तरी वस्तुतः त्या दोन असतात: बाहेरच्या अंगानें रचलेले दगड, आंतल्या अंगानें रचलेले दगड, आणि मध्यें भरलेला गोट्यांचा व चिखलाचा माल. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड घातलेला नसला, म्हणजे हादऱ्यासरशी भिंतीचे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. अनेक ठिकाणीं भिंती कोसळल्या आणि आंतला खांबातुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला. चिकित्सेनें पाहणारास या एका दृश्यांतून पुष्कळ कांहीं शिकतां आलें असतें. परंतु घाबरलेल्या माणसानें त्यांतून एवढेंच घेतलें कीं, दगड वाईट. पुढें कित्येक कुटुंबें धड घर उभें असतांहि पत्र्याच्या शेडींत निजत असत.

भूकंपानंतर सरकारनें जागतिक बँकेच्या मदतीनें जें पुनर्वसन हातीं घेतलें, त्यांत दोन वाटा होत्या. अगदीं उद्ध्वस्त झालेलीं बावन्न गांवें नव्या जागीं वसवावयाचीं, ही पहिली वाट. तेथें ठेकेदारांनीं व दानशूर संस्थांनीं घरें बांधून दिलीं. रस्ते रुंद, घरांच्या ओळी सरळ, सगळें नकाशाबरहुकूम. कांहीं ठिकाणीं शेत दूर गेलें, भावकी विखुरली, बैल बांधावयाला जागा उरली नाहीं. थोड्याच वर्षांत लोकांनीं जुन्या गांवाहून वांचलेलीं लाकडें व दगड वाहून आणून नव्या घराला लागून पडवी, गोठा, चुलीची खोली अशी आपली जोड द्यावयास आरंभ केला. ती जोड देतांना आरपार दगड घाला, असें सांगणारें पुष्कळ ठिकाणीं कोणी नव्हतें.

दुसरी वाट कमी गाजली, परंतु विचार करण्याजोगी तीच आहे. ज्या गांवांचें नुकसान त्या मानानें कमी होतें, अशा हजारों गांवांतून, आणि त्यांत सोलापूर जिल्हाहि आला, प्रत्येक कुटुंबानें आपलें घर आपण दुरुस्त करावें, सरकारनें पैसे कामाच्या प्रगतीप्रमाणें हप्त्यांनीं द्यावेत आणि इंजिनियरनें पाहणी करावी, अशी योजना होती. धाब्यावरची जादा माती उतरवावयाची. भिंतींत ठिकठिकाणीं भोंक पाडून आरपार सिमेंटचा दुवा भरावयाचा. खांब व तुळई यांच्या कोनांत तिरके आधार ठोकावयाचे. दारें-खिडक्यांच्या माथ्याशीं जाळीचा पट्टा सबंध घराभोंवतीं फिरवावयाचा. कामें साधीं, खर्च माफक. परंतु तीं घरोघर पटवून सांगणार कोण? इंजिनियर थोडे, गांवें पुष्कळ. तेव्हां ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या द्वारें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील महिला मंडळांमधून स्त्रियांची निवड झाली आणि त्यांना ‘संवाद सहायक’ हें नांव मिळालें. ज्या बाईला त्यापूर्वीं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसण्याचीहि चोरी होती, ती आतां सिमेंटांत वाळू किती, हप्ता कां अडला, पट्टा कोठून फिरवावयाचा, हें दहा घरच्या कर्त्या पुरुषांना समजावून सांगूं लागली. घराची डागडुजी, सारवण, लिंपण हें काम मुळांत बायकांचेंच. तें ज्ञान प्रथमच सरकारदरबारीं रुजूं झालें. लक्षावधि घरें अशा रीतीनें मालकांच्या देखरेखीखालीं दुरुस्त झालीं. सर्वच चांगलीं झालीं असें नाहीं. पुष्कळांनीं मिळालेल्या पैशांत जुनें घर बळकट करण्याऐवजीं शेजारीं एक नवी काँक्रीटची खोली काढली. पण तो निर्णयहि त्यांचाच होता, आणि त्या खोलीखालची जमीनहि त्यांची होती.

जमिनीच्या या मुद्द्यापाशीं थोडें थांबून सोलापूर शहरांत आलें पाहिजे. कारण खेड्यांतल्या माणसाचें घर पडलें तरी त्याच्या पायाखालीं पांढरी असते, शहरांतल्या गरिबाचें तसें नाहीं.

सोलापुरांत पहिली कापडाची गिरणी १८७७ सालीं सुरू झाली आणि शहराचें रूपच पालटलें. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकांतून व मराठवाड्यांतून मजूर आले. विणकराचें घर हें केवळ निजावयाचें ठिकाण नव्हतें. मागाचा खड्डा ज्या खोलींत, त्याच खोलींत संसार. पुढें घरोघरच्या स्त्रिया विड्या वळूं लागल्या, तेव्हां तोच प्रकार झाला. तेंदूचीं पानें भिजवावयाचीं, कापावयाचीं, तंबाखू भरून वळावयाचीं, दोऱ्यानें बांधावयाचीं, हें सर्व घराच्या उंबऱ्यांतच. सोलापुरांतल्या गरीब घराची लांबी-रुंदी ठरवितांना ज्यानें मागाची व विडीच्या सुपाची जागा धरली नाहीं, त्याला या शहराचें घर कळलेंच नाहीं.

याच शहरांत असेहि लोक होते, कीं ज्यांच्या भोंवतीं तारेचें कुंपण होतें. तथाकथित गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं येथें वसाहत करण्यांत आली. सकाळ-संध्याकाळ हजेरी, परवानगीवांचून बाहेर जावयाचें नाहीं. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला आणि कुंपण गेलें. सोलापुरांत ‘सेटलमेंट’ आणि ‘फ्री कॉलनी’ हीं नांवें मात्र वस्तीला चिकटून राहिलीं आहेत. पालावर राहणारा माणूस आपलें पाल आपण उभारतो आणि मोडतो. तें कोठें उभारावयाचें, एवढेंच त्याच्या हातीं कधीं नव्हतें.

आणि गिरण्या बसल्यावर, दुष्काळाच्या सालांत, खेड्यांतून नवीं माणसें येत राहिलीं, तशा झोंपड्या वाढल्या. झोंपडींत काय असतें हें पाहिलें, तर टाकाऊ वस्तूंचा उपयोग कसा करावा याचा पाठच तेथें मिळतो. तेलाचे डबे उभे चिरून सपाट केलेले, गिरणींतून भंगारांत निघालेले लोखंडी तुकडे, गोणपाट, तुरीच्या काड्यांचा कूड आणि वरून शेणमातीचें लिंपण, छपरावर जुने पत्रे, पत्र्यांवर दगड, आणि गळतीच्या जागीं कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा शुभेच्छाफलक उलटा घालून. (हे फलक पाण्याला मोठे चिवट असतात, त्यांचा याहून चांगला उपयोग अद्याप कोणाला सुचलेला दिसत नाहीं.) हें सर्व त्या माणसानें स्वतः निवडलें, स्वतः वाहिलें, स्वतः बांधलें. कौशल्याची वाण नाहीं, मेहनतीची नाहीं. मग वीस-वीस वर्षें तीच झोंपडी तशीच कां राहते? उत्तर सरळ आहे. जी जागा उद्यां सोडावी लागेल, तिच्यांत चार पैशांची वीट कोण गाडील? पत्रा उचलून नेतां येतो; पाया नेतां येत नाहीं. झोंपडी कच्ची राहते ती तिच्या धन्याच्या अडाणीपणामुळें नव्हे, तर त्याच्या हिशेबीपणामुळें.

हाच हिशेब जॉन टर्नर नांवाच्या इंग्रज वास्तुविशारदाला १९५७ नंतर दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत दिसला. लिमा शहराच्या कडेला ओसाड टेकड्यांवर लोकांनीं वस्त्या केल्या, आणि आपल्याला येथून कोणी हलविणार नाहीं अशी खात्री पटतांच चटयांच्या भिंती जाऊन विटांच्या भिंती आल्या, मग स्लॅब, मग वरचा मजला. घर ही तयार वस्तु नसून वर्षानुवर्षें चालणारी क्रिया आहे, असें त्यांनीं पुढें आग्रहानें प्रतिपादन केलें. आपल्याकडे बाळकृष्ण दोशी यांनीं इंदूरजवळ ‘अरण्य’ वसाहत आंखतांना हेंच सूत्र धरलें. प्लॉट, जोतें, पाणी, संडास एवढें तयार. बाकीचें ज्याचें त्यानें, ऐपत येईल तसें बांधावयाचें. त्या वसाहतीला १९९५ सालीं आगाखान पारितोषिक मिळालें.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनीं मात्र निराळा मार्ग धरला. कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, वारली आदिवासींच्या लढ्यांतील गोदूताई परुळेकर यांचें नांव तिला दिलें, आणि अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी गांवाजवळ जमीन मिळविली. दहा हजार घरांची ही वसाहत. खर्चाचा एक वाटा केंद्रानें, एक राज्यानें, आणि एक स्वतः त्या स्त्रियांनीं उचलला. विडीच्या मजुरींतून साठविलेला पैसा तो. २००६ सालीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्तें घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. घर बाईच्या नांवावर, ही त्यांतली लहानशी दिसणारी मोठी गोष्ट. त्यानंतर त्याच परिसरांत ‘रे नगर’ उभें राहिलें. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, विडी कामगार, वाहनचालक आणि कचरा वेंचणारे अशा तीस हजार कुटुंबांसाठीं आंखलेल्या या वसाहतीचा पायाभरणी समारंभ जानेवारी २०१९ मध्यें झाला, आणि पहिलीं पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें लोकांच्या स्वाधीन झालीं. जे लोक सबंध शहराचें टाकाऊ सामान वेंचून निवडतात, त्यांच्यापैकीं कित्येकांना प्रथमच आपलें म्हणतां येईल असें दार मिळालें.

या घरांत दोष काढणें अवघड नाहीं. तीं शहरापासून दूर आहेत, एकसारखीं आहेत, त्यांचा नकाशा राहणारांनीं काढलेला नाहीं. तरी स्वतः घर बांधणें या कल्पनेचे जे अभिमानी आहेत, त्यांनीं येथें थोडें सावध असावें. बारा तास मागावर उभा असणारा माणूस रविवारीं वीट रचील, असें शहरांतल्या आरामखुर्चींत बसून ठरविणें हा एक क्रूर प्रकार आहे. स्वतः बांधणें याचा अर्थ स्वतः पाट्या उचलणें असा नव्हे. कोठें बांधावयाचें, किती खर्चावयाचें, कोणाकडून करून घ्यावयाचें आणि पुढें त्यांत काय बदलावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे असणें, हा तो अर्थ. त्या अर्थानें कुंभारीच्या स्त्रियांनीं आपलें घर अंशतः खासच बांधलें. वर्षानुवर्षें सभा, मोर्चे, वर्गणी, मंत्रालयाच्या खेपा, हेंहि बांधकामच. गाळ्यांच्या इमारतींत मात्र शेवटला अधिकार, म्हणजे पुढें बदलण्याचा, हातचा जातो. बैठ्या घराला पडवी काढतां येते, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याला काय काढणार?

ज्यांना शहरांत स्वतःची थोडीहि जागा आहे, त्यांच्यासाठीं २०१५ सालच्या पंतप्रधान आवास योजनेंतच एक वेगळा भाग ठेवलेला होता. लाभार्थ्यानें स्वतः बांधावें आणि सरकारनें मदत द्यावी. केंद्राचे दीड लाख, महाराष्ट्र राज्याचे एक लाख, तेहि काम होईल तसे हप्त्यांनीं. किल्लारीच्या दुरुस्तीचीच ही पद्धत. देशभर या योजनेखालीं जीं शहरी घरें मंजूर झालीं, त्यांतलीं सर्वांत अधिक या एका भागांतलीं आहेत, यावरून लोकांचा कल कोणीकडे आहे तें कळावें. मुख्य अट, जागेच्या मालकीचा कागद. आणि नेमका तो नसल्यामुळेंच झोंपडींतला माणूस झोंपडींत असतो. पालिकेनें व महसूल खात्यानें जागेचा पट्टा देण्याचें काम नेटानें केलें, तर एक वीटहि न रचतां तीं हजारों घरें बांधूं शकतील.

कागद हातीं आल्यावर साहित्याचा प्रश्न येतो, आणि तेथें जुन्या पांढरीच्या शहाणपणाला आजच्या शास्त्राची जोड देतां येते. लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज व पुढें केरळवासी झालेल्या वास्तुविशारदाचें उदाहरण येथें घेण्यासारखें आहे. जुनीं दारें, खिडक्या, फुटक्या बाटल्या, कौलें यांचा ते आनंदानें उपयोग करीत. त्यांनीं रूढ केलेली एक युक्ति अशी कीं, स्लॅबच्या खालच्या भागांत काँक्रीट असतें तें ताण सहन करण्याचें काम करीतच नाहीं. तें काम गजांचें. तर मग दोन गजांच्या मधल्या जागेंत काँक्रीटऐवजीं जुनीं मंगळुरी कौलें ठेवून वरून काँक्रीट ओतलें, तर सिमेंट वांचतें, छत हलकें होतें, आणि कौलांच्या पोटांतील हवेमुळें ऊनहि कमी लागतें. विटा आडव्या न घालतां कडेवर उभ्या रचून मध्यें पोकळी ठेवण्याची त्यांची दुसरी पद्धत. तिनें सुमारें पाव हिस्सा विटा वांचतात. सोलापूरच्या उन्हाला ही पोकळी फारच मानवेल.

विटेचाहि पर्याय दाराशीं आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यांत १,३२० मेगॅवॉटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. आपल्या कोळशांत राखेचें प्रमाण मोठें, जवळजवळ तिसरा हिस्सा. तेव्हां राखेला तोटा नाहीं. तिच्या विटा भट्टींत भाजाव्या लागत नाहींत, आणि त्यांच्यासाठीं शेतांतली सुपीक मातीहि खणावी लागत नाहीं. पाडलेल्या काँक्रीटची खडी करून ती पुन्हां वापरण्यास २०१६ च्या भारतीय मानकानें मुभा दिली आहे. साध्या काँक्रीटमध्यें जाड खडीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत, गज घातलेल्या हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्यें वीस टक्क्यांपर्यंत.

परंतु जुनें तें सर्व घ्यावें असें नाहीं. जुने सिमेंटचे पत्रे पुष्कळदां ॲस्बेस्टॉसचे असतात. ते कापतांना व फोडतांना उडणारी धूळ फुफ्फुसांत जाऊन बसते आणि वर्षांनीं रोग उत्पन्न करते. ते झोंपडींत ज्या सहजतेनें घेतले जातात ती भयंकर आहे. पापुद्रे सुटलेला गंजका गज पुन्हां छतांत घालूं नये. धाब्यावर माती चढवावयाची तर ती वीतभर, त्याहून अधिक नाहीं, आणि खालीं प्लास्टिकचा कागद. भिंतींत दोन-दोन फुटांवर आरपार दगड. किल्लारीनें हा धडा आठ हजार जीव घेऊन शिकविला आहे.

आणखी एका गोष्टीचा विचार सुशिक्षितांनीं करणें जरूर आहे. मातीच्या भिंती, जुनीं दारें, उघड्या विटा यांचें सौंदर्य ज्यांच्या डोळ्यांत भरतें, ते स्वतः बहुधा काँक्रीटच्या घरांत राहत असतात. ज्यानें जन्म गोणपाटाच्या आडोशाला काढला, त्याला टाकाऊ वस्तूंचें घर म्हटलें कीं तो आपला अपमान वाटतो, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. राखेची वीट गिलावा करून रंगविली म्हणजे ती कोणत्याहि विटेसारखीच दिसते. ती तशी दिसावी, अशी त्याची इच्छा असली तर ती पुरी झाली पाहिजे. बेकर यांची कला आपल्या अतिथीगृहाला शोभते म्हणून गरिबाच्या गळ्यांत बांधूं नये.

हें सर्व ज्यांना जागा मिळूं शकते त्यांच्यापुरतें झालें. २०११ च्या जनगणनेनें भारतांत १७,७३,०४० माणसें बेघर म्हणून मोजलीं. पदपथावर, पुलाखालीं, सिमेंटच्या मोठ्या नळांत, देवळाच्या ओवरींत, फलाटावर रात्र काढणारीं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा दंडक असा होता कीं, दर लाख वस्तीमागें निदान शंभर माणसांचा रात्रनिवारा हवा. त्याच जनगणनेंत सोलापूरची वस्ती साडेनऊ लाखांवर होती. म्हणजे हिशेबानें साडेनऊशें जागा झाल्या. म्हाताऱ्या, आजारी, एकट्या माणसाला स्वतः घर बांधावयाला सांगण्यांत अर्थ नाहीं. त्याला आजची रात्र हवी असते, आणि ती पालिकेनेंच दिली पाहिजे.

आणि ऊसतोड कामगारांचें तर निराळेंच आहे. त्यांना गांवाकडे घर असतें, पण वर्षांतले पांच-सहा महिने तें बंद. सोलापूर जिल्ह्यांत साखर कारखान्यांची मोठी गर्दी. दिवाळीच्या सुमारास बीड व इतर जिल्ह्यांतून कोयते येऊं लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उघड्या माळावर, कित्येकदां काळीवरच, बांबूच्या कामट्या रोवून व वांकवून, वरून ताडपत्री किंवा चटई टाकून, कडेनें पाचट दाबून दोन तासांत कोपी तयार होते. वाकून आंत जावें लागतें. पण थंडीला ती ऊब धरते आणि वाऱ्याला पाठ देते. इतक्या थोड्या सामानांत, इतक्या थोड्या वेळांत, इतकें नेटकें छप्पर दुसरें कोणी क्वचितच बांधीत असेल. हंगाम संपला कीं कामट्या व ताडपत्री गाडींत जातात आणि पाचट तेथेंच राहतें. या छपराला सुधारण्यासारखें फारसें नाहीं. त्याच्या खालीं ओलावा असतो, जवळ पाणी नसतें, बायकांना आडोसा नसतो, रात्रीं विंचूकिरड्यांत उजेड नसतो. मुरमाचा उंच ओटा, नळ, संडास आणि दिवा एवढें कारखान्याच्या माळावर कायमचें करून ठेवलें, तर कामट्या आणि ताडपत्री हीं माणसें गांवाहून आपल्या गाडींतून घेऊन येतील, आजहि आणतातच.